झेल पूर्ण केव्हा होतो?

एखादे काम 'झाले' असे केव्हा म्हणावे? प्रश्न साधा दिसतो. भाकरी भाजून झाली, पत्र टाकून झाले, कर्ज फिटले, असे आपण रोज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते कळते. परंतु कोणी खोदून विचारले की, 'नेमके कोणत्या क्षणी झाले?', तर आपण अडखळतो. आज हाच प्रश्न आम्ही वाचकांपुढे एका दूरदेशीच्या खेळाच्या निमित्ताने मांडणार आहोत. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. आणि प्रश्न असा की, फेकलेला चेंडू गड्याने झेलला असे केव्हा म्हणावयाचे? खेळातल्या भांडणाचा विचार आपण कशाला करावा, असे कोणास वाटेल. पण नियम, न्याय आणि डोळ्यांना दिसणारे सत्य यांची ओढाताण या एका झेलात फार स्पष्ट दिसते, म्हणून हा खटाटोप.

प्रथम आपल्या ओळखीच्या क्रिकेटकडे पाहू. 13 जून 1999 रोजी इंग्लंडमधील हेडिंग्ले मैदानावर विश्वचषकाचा सामना चालू होता. दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जच्या हातात ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह वॉ याचा सोपा झेल आला. तो त्याने घेतला, आणि आनंदाच्या भरात चेंडू वर उडवायला गेला, तोच तो हातातून निसटला. वॉ तेव्हा 56 धावांवर होता. पुढे तो 120 धावा करून नाबाद राहिला आणि ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. चेंडू गिब्जच्या हातात आला होता की नव्हता? आला होता. मग झेल झाला होता की नाही? नाही, कारण चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आल्यावाचून झेल पूर्ण होत नाही, असे क्रिकेटचा कायदा सांगतो. हातात येणे आणि झेलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे येथे ध्यानात ठेवू.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील फुटबॉलमध्ये नावापुरताच पाय आहे. चेंडू बहुतेक हातांनीच खेळतात. तो कातडी, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. एका बाजूला अकरा गडी असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, आणि असे करीत शंभर यार्डांच्या मैदानाची शेवटची रेषा ओलांडावयाची. ती ओलांडली म्हणजे 'टचडाउन', त्याचे सहा गुण. पूर्वी चेंडू पुढे फेकण्यास बंदी होती आणि सारा खेळ धक्काबुक्कीचा असे. 1905 च्या हंगामात अनेक तरुण खेळताना मृत्यू पावले, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यात लक्ष घालावे लागले, आणि 1906 साली चेंडू पुढे फेकण्याची मोकळीक मिळाली. चेंडू फेकू दिला म्हणजे तो झेलला की नाही हे ठरविणे आलेच.

हे ठरविणे येथे क्रिकेटपेक्षा अवघड आहे, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. झेल अपूर्ण ठरला तर चेंडू तेथेच मेला. एक प्रयत्न फुकट गेला, पण चेंडू आपल्याकडेच राहिला. झेल पूर्ण ठरला आणि नंतर चेंडू हातातून सुटला, तर मात्र तो जिवंत असतो. त्याला 'फंबल' म्हणतात, आणि जो पहिला झडप घालील त्या बाजूचा तो होतो. म्हणजे ही व्याख्या दुधारी आहे. झेल लवकर पूर्ण झाला असे मानले तर आज ज्याचा झेल वाचेल, त्याचाच चेंडू उद्या दुसऱ्या सामन्यात धक्का बसताच प्रतिपक्षाकडे जाईल. एकावर केलेली दया ही दुसऱ्यावर केलेली कठोरता ठरते. नियम करणाऱ्यांनी इतकी काटेकोर भाषा का वापरली, हे यावरून कळेल. ती माणसे दुष्ट नव्हती की मूर्खही नव्हती.

झेलाविषयीचे सर्वांत प्रसिद्ध भांडण 23 डिसेंबर 1972 चे. पिट्सबर्ग येथे स्टीलर्स आणि ओकलंडचा रेडर्स हे संघ खेळत होते. 22 सेकंद उरले होते, पिट्सबर्ग 6–7 असे मागे होते आणि प्रयत्न शेवटचा होता. टेरी ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू, दोन्ही बाजूंचे दोन गडी एकमेकांवर आदळले तेथून मागे उसळला, आणि फ्रँको हॅरिस या पिट्सबर्गच्या गड्याने तो बुटाजवळ उचलून टचडाउनपर्यंत पळत नेला. त्या काळच्या नियमाप्रमाणे चेंडू फेकणाऱ्या बाजूच्या एका गड्याला तो लागला आणि मध्ये विरुद्ध गड्याचा स्पर्श झाला नाही, तर त्या बाजूच्या दुसऱ्या गड्याने तो झेलणे चालत नसे. तेव्हा चेंडू कोणाला लागला? आणि हॅरिसच्या हाती येण्यापूर्वी तो जमिनीला टेकला होता काय? पंचांनी आपसांत विचारविनिमय करून टचडाउन दिला. लोकांनी या झेलाला रोमन कॅथलिक पंथातील मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सिद्धांतावरून शब्दश्लेष करून नाव ठेवले. आम्हांला तो श्लेष विशेष रुचत नाही, पण नाव रूढ झाले आहे. पन्नासांहून अधिक वर्षे लोटली तरी तो चेंडू कोणाला लागला यावर एकमत झालेले नाही.

हे भांडण डोळ्यांचे होते. काय घडले हेच नीट दिसले नव्हते. अशा भांडणावर उपाय म्हणजे अधिक चांगले डोळे. म्हणून नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघटनेने 1986 साली चित्रण पुन्हा पाहून निर्णय तपासण्याची पद्धत सुरू केली. 1991 च्या हंगामानंतर ती बंद केली आणि 1999 साली पुन्हा आणली. आता प्रत्येक झेल चारी बाजूंनी, संथ गतीने, हवा तितक्या वेळा पाहता येऊ लागला. वाद संपतील अशी सर्वांची अपेक्षा होती.

पण झाले उलटेच. डोळ्यांचे भांडण मिटले, आणि त्याखाली दडलेले व्याख्येचे भांडण उघडे पडले.

12 सप्टेंबर 2010 रोजी शिकागो येथे डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन शेवटच्या अर्ध्या मिनिटात उंच उडाला, त्याने गोलरेषेपलीकडे चेंडू पकडला, त्याचे दोन्ही पाय टेकले, तो खाली बसला, आणि उठता उठता चेंडू हातातल्या हातात जमिनीवर टेकवून सोडून आनंदाने पळाला. पाहणाऱ्यांना वाटले, डेट्रॉइट जिंकले. निर्णय आला, झेल अपूर्ण. कारण झेल घेताना जो गडी खाली पडतो त्याने जमिनीचा आघात होऊन जाईपर्यंत चेंडूवर ताबा ठेवला पाहिजे, असा नियम होता. शिकागो 19–14 ने जिंकले.

11 जानेवारी 2015 रोजी ग्रीन बे येथे बाद फेरीचा सामना होता. डॅलसच्या डेझ ब्रायंटने चौथ्या प्रयत्नात प्रतिपक्षाच्या गड्यावरून उडी घेऊन चेंडू पकडला, पावले टाकली, आणि गोलरेषेकडे झेप घेतली. पडताना चेंडू जमिनीवर आपटून उसळला व पुन्हा त्याच्याच हातात आला. मैदानावरील पंचांनी झेल दिला होता. ग्रीन बेच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली, चित्रण पाहिले गेले, आणि झेल रद्द झाला. ग्रीन बे 26–21 ने जिंकले.

17 डिसेंबर 2017 रोजी पिट्सबर्ग येथे जेसी जेम्सने चेंडू पकडला, त्याचा गुडघा टेकला, त्याने वळून चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, आणि तेथे जमिनीला लागून चेंडू हातात किंचित फिरला. 28 सेकंद उरले होते. दिलेला टचडाउन परत घेतला गेला, आणि न्यू इंग्लंडने सामना 27–24 असा जिंकला.

या तिन्ही प्रसंगी काय घडले याविषयी मतभेद नव्हता. लक्षावधी लोकांनी तेच चित्र पाहिले. प्रश्न एवढाच होता की, जे घडले त्याला काय नाव द्यावयाचे. आणि नाव देण्याचे काम कॅमेरा करू शकत नाही. चूक दोन प्रकारची असते, एक पाहण्यातली आणि दुसरी मोजण्याच्या मापातली. पहिलीवर यंत्र हा उपाय आहे, दुसरीवर नाही. माप चुकीचे असेल, तर चांगल्या भिंगाने ती चूक फक्त अधिक ठळक दिसते.

येथे एका प्राचीन कोड्याची आठवण होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडिस याच्या नावावर ते सांगतात. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. आणखी एक टाकला तरी ढीग होत नाही. मग एकेक दाणा टाकीत गेल्यास ढीग कोणत्या दाण्याला होतो? असा दाणा दाखविता येत नाही. म्हणून ढीग नसतोच असे मात्र कोणी म्हणत नाही. झेलाचेही तसेच आहे. चेंडू क्षणार्धापुरता बोटांत आला तर तो झेल नव्हे. चेंडू घेऊन गडी दहा पावले चालला तर तो झेलच. मधल्या कोणत्या क्षणी झेल 'झाला'? तो क्षण निसर्गात नाही. माणसांनी कोठे तरी रेघ ओढावी लागते. विद्यापीठांच्या सामन्यांत झेल घेणाऱ्याचा एक पाय मैदानात टेकला तरी पुरतो. व्यावसायिक सामन्यांत दोन्ही पाय टेकावे लागतात. विद्यापीठांचे सामने बहुधा शनिवारी असतात आणि व्यावसायिक रविवारी. म्हणजे तोच झेल शनिवारी पूर्ण आणि रविवारी अपूर्ण! याला आम्ही अन्याय म्हणत नाही. रेघ येथे की तेथे, हे दोन्ही चालेल. ती सर्वांना आधी ठाऊक असावी आणि सर्वांना सारखी लागावी, म्हणजे झाले.

मग ब्रायंटच्या चाहत्यांना अन्याय झाल्यासारखे का वाटले? आमच्या मते कारण असे. काही रेघा धूसर प्रदेशातून जातात, आणि तेथे त्या कोठेही ओढल्या तरी माणूस मान्य करतो. पण एखादी रेघ धूसर प्रदेश सोडून भर उजेडातून गेली, आणि ज्याला सर्व जग झेल म्हणते त्यालाच 'झेल नव्हे' म्हणू लागली, की लोकांचे मन उठते. ढीग शंभराव्या दाण्याला की दोनशेव्या, यावर वाद चालेल. पण खळ्यावरची रास दाखवून 'हा ढीग नव्हे' असे कोणी म्हणाला, तर चूक त्याच्या व्याख्येतच असली पाहिजे.

मग पंच चुकले काय? आमचे उत्तर, नाही. पंचांनी नियम वाचला आणि होता तसा लावला. नियम वाईट वाटतो म्हणून पंचाने त्या क्षणी तो मोडला असता, तर डॅलसला न्याय मिळाला असता, पण आदल्या वर्षी त्याच नियमाने ज्यांचे झेल गेले त्यांना काय सांगावयाचे? इंग्लंडचे विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात खेळाचेच उदाहरण घेऊन ही गोष्ट समजाविली आहे. गुण मोजणाऱ्याचा निर्णय अखेरचा असतो, पण म्हणून तो अचूक असतो असे नाही. आणि 'गुण मोजणारा म्हणेल तोच नियम' असे ठरले, तर तो खेळ वेगळाच होईल. निर्णय अखेरचा असावा लागतो, नाहीतर सामना कधी संपणारच नाही. पण अखेरचा म्हणजे बरोबर, असा समज करून घेणे हा अहंकार होय. ही दोन सत्ये एकाच वेळी मनात धरणे अवघड आहे, आणि न्याय करणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते.

तेव्हा जबाबदारी नियम करणाऱ्यांकडे जाते. त्यांनी आरंभी काय केले ते पाहा. 2000 सालच्या जानेवारीत टँपा बे संघाच्या बर्ट इमॅन्युएलचा एक महत्त्वाचा झेल, चेंडूचे टोक जमिनीला लागले म्हणून रद्द झाला. लगेच नियमात खुलासा आला की, ताबा पक्का असेल तर नुसत्या जमिनीच्या स्पर्शाने झेल जात नाही. ब्रायंटच्या प्रसंगानंतर 2015 साली शब्द पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी एक ठिगळ लागले आणि शेजारी नवे भोक पडले. शब्द वाढत गेले तसा मूळ हेतू झाकला गेला. अक्षर आणि आशय यांतील हा वाद आमच्या वाचकांना नवा नाही.

2018 साली मात्र नियम-समितीने उलट्या दिशेने विचार केला. व्याख्येपासून प्रसंगाकडे न जाता, तिने प्रसंगापासून व्याख्येकडे यावयाचे ठरविले. ब्रायंटचा झेल हा झेल होता काय? जॉन्सनचा? होता, यावर समितीत एकमत झाले. तर मग ज्यात हे झेल बसतील अशी भाषा लिहा! 27 मार्च 2018 रोजी सर्व 32 संघांच्या मालकांनी एकमताने नवा नियम स्वीकारला. त्यात तीन गोष्टी आहेत: चेंडूवर ताबा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग मैदानात टेकणे, आणि तिसरे पाऊल टाकणे, चेंडू पुढे नेणे यांसारखी खेळातली एखादी कृती, निदान ती करता येईल इतका वेळ ताबा असणे. पडणाऱ्या गड्यासाठी असलेली जमिनीच्या आघाताची जुनी अट गेली.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात लेस्बोस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. लोखंडी पट्टी ओबडधोबड दगडाला बसत नाही. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि तरीही मापच देते. जेथे सर्वसाधारण नियम विशिष्ट प्रसंगाला अपुरा पडतो, तेथे नियम करणारा स्वतः हजर असता तर त्याने काय म्हटले असते, हे पाहून दुरुस्ती करणे म्हणजे समन्याय, असे त्याचे म्हणणे. 2018 च्या समितीने हेच केले. फरक एवढाच की, येथे नियम करणारेच हजर होते, आणि आपली चूक कबूल करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

येथे एक आक्षेप येईल. लोकांच्या नजरेला जे झेल वाटते तेच झेल मानावयाचे, तर मग नियम हवाच कशाला? गर्दी तर पक्षपाती असते. डॅलसच्या गर्दीला जे दिसते ते ग्रीन बेच्या गर्दीला दिसत नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सामना चालू असताना गर्दीला विचारून निर्णय देता येत नाही. पण सामने संपल्यावर, जय-पराजयाचा ताप उतरल्यावर, ज्यांचा त्यात स्वार्थ नाही अशांनाही पुन्हा पुन्हा तेच दिसत असेल, तर ती गर्दीची आरोळी नव्हे, साक्ष होय. आरोळी आणि साक्ष यांतील भेद ओळखण्यास वेळ लागतो. नवा नियम आला म्हणून वाद संपले असेही नाही. धूसर प्रदेश आहे तेथेच आहे. पण भर उजेडातून जाणारी रेघ मागे घेतली गेली, हे काही थोडे नव्हे.

शेवटी जो प्रश्न आम्हांला सर्वांत अधिक बोचतो, तो हा. ज्यांचे झेल गेले त्यांचे काय? 2018 च्या नियमाने 2015 चा सामना बदलला नाही. ग्रीन बेचा विजय ग्रीन बेकडेच राहिला, आणि तो राहावा हेही योग्यच. कारण ते त्या दिवसाच्या नियमाने प्रामाणिकपणे खेळले. मागे जाऊन निकाल फिरविणे हा नवा अन्याय झाला असता. पण मग ब्रायंटला काय मिळाले? एकच गोष्ट मिळाली. ज्यांच्या नियमाने त्याचा झेल गेला त्यांनीच म्हटले की, तो झेल होता. कोणी म्हणेल, नुसत्या शब्दांनी काय होते? आम्हांला तसे वाटत नाही. निकाल परत देता येत नाही तेव्हाही सत्य परत देता येते, आणि पुष्कळदा माणसाला निकालापेक्षा सत्याचीच भूक अधिक असते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांनी तो खेळ मैदानावर पाहिलेला नाही, पुढेही पाहणार नाही. परंतु आपणांपैकी कितीजण इतरांच्या कामाचा निर्णय करीत असतात! शाळेतील वर्गात, समितीत, घरी मुलांपुढे, आपण रोज ठरवितो की अमक्याने काम पूर्ण केले आणि तमक्याने नाही. एखाद्या मुलाने धडा समजून घेतला आहे, तो आपल्या शब्दांत सांगतो आहे, पण आपण ठरविलेले शब्द त्याच्या तोंडून येत नाहीत, म्हणून आपण त्याच्या नावापुढे 'अपूर्ण' असे लिहितो. नियम सर्वांना सारखा लावला, याचे समाधानही आपल्याला वाटते. ते समाधान खोटे नाही. त्या दिवशी नियम मोडून त्या एकट्याला सूट दिली असती, तर इतर मुलांनी विचारलेच असते. पण त्या रात्री आणखी एक प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा: हा नियम आपण कशासाठी केला होता? आणि तो हेतू त्या मुलाने साधला असेल, तर पुढच्या आठवड्यात नियम बदलावा, आणि त्या मुलाला जवळ बोलावून सर्वांसमक्ष सांगावे, 'बाळ, तुझे बरोबर होते.' गुण कदाचित वाढविता येणार नाहीत. तरी एवढे सांगण्यास आपण कचरू नये.